व्यसन : दोष की रोग ?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चुडावा येथे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींचा परिचय होतो, जमाखर्च वाचला जातो आणि शेवटी कोणीतरी समाजाच्या उन्नतीवर चार शब्द बोलावेत अशी आपली प्रथा आहे. उन्नती हा विषय वक्त्यास सोयीचा व श्रोत्यास सुखाचा असतो. आज मी जो विषय घेतला आहे तो या दोन्ही दृष्टींनी गैरसोयीचा आहे. तथापि त्याची झळ ज्यास यत्किंचितही लागली नाही असे घर या मंडपात शोधू गेल्यास ते सहजासहजी सापडेल असे मला वाटत नाही. कोणाचा भाऊ, कोणाचा जावई, कोणाचा हाताशी आलेला मुलगा. आपण त्याविषयी बोलत नाही एवढेच.

प्रश्न असा आहे : दारू, गर्द, गांजा, गोळ्या यांच्या आहारी गेलेला मनुष्य हा दोषी समजावा की रोगी? पंडितांनी वाद घालावा म्हणून मी हा प्रश्न मांडीत नाही. आपल्या मंडळाच्या दप्तरात त्याचे एक उत्तर लिहून ठेवलेले आहे आणि त्या उत्तराखाली माझी सही आहे, म्हणून मी तो मांडीत आहे.

आपला वैद्यकीय साहाय्य निधी आपण सर्व जाणता. काही वर्षांपूर्वी त्या निधीच्या समितीपुढे एका मातेचा अर्ज आला. मुलगा तिशीच्या आतला होता, दारूच्या पूर्ण आधीन झालेला. त्यास व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी काही आठवडे ठेवावयाचे, तेवढ्यापुरते साहाय्य मिळावे, एवढीच तिची मागणी. आम्ही पाच सभासदांनी अर्जावर शेरा मारला : "व्यसन हा रोग नव्हे. सबब अर्ज नामंजूर." त्याच बैठकीत दुसरा एक अर्ज होता हृदयविकाराचा. तो आम्ही एकमुखाने मंजूर केला. त्या गृहस्थांनी चाळीस वर्षे विडी ओढली होती हे आम्हां पाचही जणांस ठाऊक होते. परंतु त्यांच्या विडीची चौकशी करावी असे कोणाच्याही मनात आले नाही, आणि येऊ नये हेच योग्य होते. मात्र एकास आपण दवाखान्याची वाट दाखविली आणि दुसऱ्यास दाराबाहेरची. हा भेद आपण कोणत्या न्यायाने केला, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

प्रथम आपल्या पूर्वजांचे मत पाहू. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा मूळ अर्थ वाईट सवय असा नसून संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे, आणि त्यात राजाच्या मद्यपान-द्यूतादी दोषांबरोबर पूर, आग, रोगराई व दुष्काळ यांचाही विचार केलेला आहे. मनुष्यास त्याच्या स्थानावरून दूर फेकून देते ते व्यसन. वैद्यकाचे म्हणाल, तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय 'मदात्यय' या विकाराच्या चिकित्सेस वाहिलेला आहे. ज्वर, अतिसार, कास यांच्या पंक्तीला चरकाने मद्याचा विकार बसविला, त्याची लक्षणे सांगितली व उपचार सांगितले. तेव्हा व्यसनास रोग म्हणणे हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी आपली पोथी पुन्हा उघडून पाहावी.

मग त्यास केवळ दोष समजण्याची वृत्ती आपल्यात एवढी खोल कशी रुजली? १९१९ साली रंगभूमीवर आलेले राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल, निदान त्याची कथा ऐकली असेल. सुधाकर बुद्धिमान वकील. तो पितो, पश्चात्ताप पावतो, दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा पितो. प्रेक्षकांनी त्याची कीव केली, त्यास दुबळा म्हटले आणि सिंधूस पतिव्रता म्हणून हात जोडले. परंतु सिंधूस त्या काळी जायला दवाखाना कोठे होता? सल्ला द्यायला वैद्य कोण होता? सोसणे हाच एक उपाय तिच्या हाती होता. तो तिने प्राण जाईपर्यंत केला आणि आपण त्या सोसण्यासच आदर्श ठरविले. शंभर वर्षे उलटून गेली तरी आपल्या घरांतील सिंधूंना आपण हाच उपाय सांगत आहोत, ही खरी शोकांतिका होय.

आता आधुनिक वैद्यक काय म्हणते ते थोडक्यात सांगतो. अन्न, पाणी, आप्तांचा सहवास यांपासून मिळणारे सुख ओळखणारी व त्याची ओढ निर्माण करणारी एक यंत्रणा मेंदूत असते. डोपामिन नावाचे द्रव्य तिच्यात मुख्य काम करते. मादक पदार्थ या यंत्रणेस नैसर्गिक सुखाहून कितीतरी अधिक जोराने हलवितो. हे वारंवार घडले म्हणजे मेंदू तोल सावरण्यासाठी आपला प्रतिसाद कमी करतो. म्हणून पहिल्या मात्रेने भागत नाही, मात्रा वाढते. पुढे पदार्थ मिळाला नाही तर शरीर बंड करते. ज्या भागाने 'आता पुरे' असे म्हणावयाचे, तो कपाळामागचा भागही हळूहळू दुबळा होतो. आरंभी मनुष्य सुखासाठी पितो आणि शेवटी दुःख टळावे म्हणून पितो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असेही दिसते की, कोण या जाळ्यात लवकर सापडणार यात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. चार मित्र एका गुत्त्यावर बसतात. तिघे उठून घरी जातात आणि चौथ्याचे घर बुडते. त्या चौथ्याची नीती तिघांहून हीन होती असे म्हणण्यास आधार नाही.

घेणारा प्रत्येक जण रोगी असतो असा मात्र याचा अर्थ नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांस त्यापासून होणाऱ्या अपायासाठी साहाय्याची गरज आहे. त्याच अहवालातील आणखी एक आकडा मला झोपू देत नाही. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांत कसलातरी उपचार मिळालेला मनुष्य एकच. उरलेल्या ३७ जणांच्या वाट्यास काय येते? शिव्या, मार, नवस आणि बंद खोली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, कर्करोग शपथेने बरा होत नाही, दारू मात्र शपथेने सुटते. मग हा रोग कसा? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मी टाळणार नाही. अमेरिकेचे सैनिक व्हिएतनामच्या युद्धात असताना त्यांतील पुष्कळ जण हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने अभ्यास केला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडले ते दर वीस जणांमागे एकच. रणभूमी सुटली, सोबत सुटली, पदार्थ हाताशी राहिला नाही आणि बहुतेकांचे व्यसनही सुटले. तेव्हा हा रोग केवळ मेंदूत राहत नाही. तो माणसाच्या सोबतीत, रिकामपणात, गावाच्या नाक्यावरही राहतो. या कारणाने काही विद्वान व्यसनास रोग म्हणणेच नाकारतात. मला मात्र यातून निराळाच बोध होतो. हिवताप डबक्यातील डासांमुळे पसरतो, म्हणून तो रोग नव्हे असे आपण म्हणत नाही. आपण रोग्यास औषध देतो आणि डबकेही बुजवितो.

आणि शपथेचे म्हणाल, तर आपल्या भागात शपथेचे बळ कोणास सांगावयास नको. एका बाजूस नामदेवरायांची नर्सी, दुसऱ्या बाजूस जनाबाईंचे गंगाखेड, अशी ही भूमी. तुळशीची माळ घातली आणि बाटली कायमची सुटली, अशी माणसे आपल्या प्रत्येक गावी आहेत. त्यांस मी मनापासून वंदन करतो. परंतु माळ म्हणजे केवळ शपथ नव्हे, हे लक्षात घ्या. माळ घातलेल्या मनुष्यास दिंडी मिळते, पंधरवड्याची एकादशी मिळते, सायंकाळचे भजन मिळते, वर्षाची वारी मिळते, आणि पाऊल घसरू लागले तर हात धरणारा माळकरी शेजारी मिळतो. जुना मेळ सुटून नवा मेळ लाभतो. शपथ एकट्याची असते. ती टिकविणारा समुदाय असतो. ज्यांस अशी सोबत लाभली नाही त्यांची शपथ सुधाकराच्या शपथेसारखी वाऱ्यावर गेली, आणि मग आपण म्हटले, "हा निर्लज्जच आहे."

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोग म्हटले की जबाबदारी संपली. मग हा गृहस्थ बायकोस मारील, शेत गहाण टाकील आणि म्हणेल, मी तर रोगी! बंधूंनो, मधुमेहाचा रोगी आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने रोग मागून घेतला नाही. पण पथ्य पाळणे, गोळी वेळेवर घेणे हे कर्तव्य त्याचेच असते. ते त्याच्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही. व्यसनाचेही तसेच. रोग जडला यात दोष असेल वा नसेल. उपचाराची वाट चालणे हे मात्र त्या रोग्याचेच काम आहे. आणि स्त्रीवर हात उगारणे हा अपराध तो अपराधच. त्यास कोणत्याही रोगाची ढाल नाही. तात्पर्य, 'रोग' हा शब्द क्षमापत्र नव्हे. कोणी कोणाचे काय देणे लागतो, हे तो सांगतो. रोग्याने पथ्य पाळावे आणि आप्तांनी औषध पुरवावे. आपण पहिल्या अर्ध्याचा आग्रह धरतो आणि दुसरा अर्धा विसरतो.

हे दोन्ही अर्धे एकत्र आणून दाखविण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात झालेले आहे. डॉ. अनिता अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी लेखन करून महाराष्ट्रास जागे केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे केंद्र सुरू झाले. तेथे उपचारास आलेल्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. या एका शब्दात सारे आले. तो रुग्ण आहे, म्हणून त्याची निर्भर्त्सना नाही. तो मित्र आहे, म्हणून त्याच्याकडून काही अपेक्षाही आहे. तेथे औषधोपचार आहे, तसाच व्यायाम, श्रम व एकमेकांजवळ मन मोकळे करणेही आहे. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. डॉ. अनिता अवचट १९९७ साली व डॉ. अनिल अवचट २०२२ साली निवर्तले. काम चालू आहे.

कायद्याचे म्हणाल, तर तोही आपल्या मंडळाच्या पुढे गेलेला आहे. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा सेवन करणाऱ्यास शिक्षा सांगतो हे खरे. परंतु स्वतःहून उपचारास येणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. सरकारने ज्यास आजार म्हटले त्यास आपण मात्र आपल्या नियमावलीत जागा दिलेली नाही.

आता त्या मातेच्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगतो. अर्ज नामंजूर झाला. घरच्यांनी दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याने मुलास खोलीत कोंडले. "चार दिवस दारू मिळाली नाही म्हणजे आपोआप सुटेल" हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या दिवशी हातपाय कापू लागले. त्यास भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली. घरच्यांस वाटले, सोंग करतो आहे. तिसऱ्या दिवशी झटके आले. जीप मिळवून नांदेडकडे नेईपर्यंत उशीर झाला होता.

अर्ज मंजूर झाला असता तर तो मुलगा खात्रीने वाचला असता, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या घरास एक वैद्य भेटला असता, आणि वैद्याने त्यांस खोलीची कडी लावू दिली नसती, एवढे मी निश्चित म्हणतो. म्हणून येथे जमलेल्या प्रत्येक मातेस व पत्नीस माझे हात जोडून सांगणे आहे : वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. पहिल्या चार दिवसांत कंप, भ्रम व झटके येऊन प्राणावर बेतू शकते. हे सोंग नव्हे. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात आणि त्यासाठी औषधे आहेत. तसेच "रोग्यास न सांगता दारू सोडवा" असे भिंतीभिंतीवर रंगविलेले असते. त्या पुड्यांच्या नादी लागू नका. दारूशी वैर करणारे एक औषध डॉक्टर देतात, परंतु ते रोग्यास सांगून व त्याच्या संमतीने. ते पोटात आहे हे ठाऊक नसताना मनुष्य वर दारू प्याला, तर जीव धोक्यात येतो. नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे. तो आपल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठामागे मोठ्या अक्षरांत छापावा, अशी संपादकांस विनंती आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या मेळाव्यात विवाह जुळतात, हे आपले भूषण. परंतु "दोनाचे चार हात झाले म्हणजे सुधारेल" असे म्हणून ज्या मुलाचे व्यसन झाकून लग्न लावले जाते, तेथे आपण मुलास औषध देत नाही. एका निरपराध मुलीस रोग्याच्या खाटेशी बांधतो. व्यसन हा केवळ चारित्र्याचा डाग असेल, तर तो झाकावा असे आईबापांस वाटणे स्वाभाविक आहे. तो रोग आहे असे एकदा मानले, की झाकण्याचे कारण उरत नाही व सांगण्याचे कर्तव्य मात्र येते. आधी उपचार, मग काही काळ सुधारलेले वर्तन, आणि मुलीकडच्यांस सर्व सांगूनच पुढची बोलणी, हा क्रम असावा. आणि सासरी हे दुःख वाट्याला आलेल्या लेकीने माहेरी पाऊल टाकले, तर "नशीब तुझे" असे म्हणून तिला परत पाठवू नये.

यास्तव मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, वैद्यकीय साहाय्य निधीच्या नियमांत 'रोग' या शब्दात व्यसनाधीनतेचा स्पष्ट समावेश करावा. रक्कम रोग्याच्या हाती न देता उपचार करणाऱ्या संस्थेकडे परस्पर पाठवावी, आणि पुन्हा पाऊल घसरल्यास दुसऱ्यांदाही अर्ज करण्याची मुभा असावी. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्यास टाकून देत नाही. दुसरी, उपचार घेऊन परतलेल्या माणसास गावी सोबत मिळावी म्हणून प्रत्येक गावी दोन जबाबदार माणसे नेमावीत. त्यांनी उपदेश करू नये, सायंकाळी त्याच्याबरोबर बसावे. दिवेलागणीची वेळच त्यास सर्वांत कठीण असते. तिसरी, आपल्या लग्नकार्यांत वरातीपुढे बाटल्या फुटतात त्याविषयी वडीलधाऱ्यांनी बोलावे. डबके आपणच भरावयाचे आणि डासांस शिव्या द्यावयाच्या, हे शोभत नाही.

तंबाखूचा बटवा कनवटीला लावून दारूवर व्याख्यान देऊ नये, म्हणून तो मी मागेच सोडला. चार वेळा सोडला तेव्हा एकदाचा सुटला. पन्नाशी ओलांडलेल्या, समाजात मान असलेल्या माणसास चिमूटभर तंबाखूने तीनदा पाडले. त्या अनुभवानंतर खोलीत कोंडलेल्या त्या मुलास दुबळा म्हणण्याचा अधिकार मला उरला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ती माता आजही आपली सभासद आहे. वर्गणी वेळेवर भरते. तिने आमच्यापैकी कोणासही एक शब्द बोलून दाखविला नाही. मंडळाच्या जुन्या दप्तरातील तो शेरा पुसता येणार नाही, आणि पुसूही नये. परंतु पुढील अर्जावर निराळा शेरा लिहिणे आपल्या हाती आहे. तो अर्ज कोणाच्या घरून येईल हे आज आपल्यापैकी कोणासही सांगता येणार नाही. म्हणून नियम आजच बदलावा, एवढीच माझी विनंती.